हाय टॉर्क चकली

अग्नी, चाक आणि वीज यांच्यानंतर मानवजातीला पुढे नेणारा चौथा शोध डोंबिवली पश्चिमेला, कोपरच्या बाजूला, 'शुभंकर' सोसायटीच्या दुसऱ्या मजल्यावर लागणार होता. साल त्र्याण्णव. मुहूर्तही ठरला होता: दिवाळीच्या आधीचा रविवार, दुपारचा चहा झाल्यावर. तो शोध लागला नाही, याचं कारण एवढंच की त्या दिवशी भाजणी जरा घट्ट भिजली होती.

थोर शास्त्रज्ञांच्या चरित्रांत असली कारणं आढळत नाहीत. त्यांच्या प्रयोगशाळेत 'ओटा मोकळा करा, दूध तापवायचंय' असं म्हणणारं कोणी नसावं.

चकलीचा सोऱ्या ज्यांनी हातात धरलेला नाही, म्हणजे चकल्या खाणारा जवळजवळ सगळा पुरुषवर्ग, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. ते एक पितळी नळकांडं असतं. त्यात भिजवलेल्या भाजणीचा गोळा भरायचा, वरचा आट्यांचा दांडा फिरवायचा, की खालच्या चांदणीतून काटेरी तार बाहेर येते. सांगायला सोपं आहे. प्रत्यक्षात भाजणीचा गोळा हा अत्यंत हट्टी पदार्थ असून नळकांड्यातून बाहेर पडण्यात त्याला काडीचा रस नसतो. दोन घाण्यांत मनगट बोलू लागतं आणि चौथ्या घाण्याला खांदा.

माझी पत्नी उत्तरा हिचा उजवा खांदा गेल्या दिवाळीला असाच बोलला आणि मग त्याने बोलणंच टाकलं. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टरांनी त्याला 'फ्रोझन शोल्डर' असं नाव दिलं. डोंबिवलीच्या उकाड्यात शरीराचा एखादा भाग गोठू शकतो, यावर आमच्या मजल्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. प्रत्येक घरातून वेगळं तेल आलं. खांदा सगळी तेलं प्यायला आणि होता तिथेच राहिला.

आता इथे आमच्या सोसायटीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. आमच्याकडे चकल्या कोणी एकटीने करत नाही. दिवाळीच्या आधी बायका दुपारी एकेकीच्या घरी जमतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. एकजण सोऱ्या फिरवते, एक कढईपाशी बसते, एक नुसतीच बोलते. आमंत्रण नाही, आभार नाहीत. तू माझ्याकडे हात लावलास, मी तुझ्याकडे लावीन, एवढाच करार. तो कुठे लिहिलेला नाही, म्हणूनच तो कोणी मोडत नाही. लिहिलेले नियम आमच्या सोसायटीत कसे पाळले जातात हे पार्किंगमध्ये येऊन पाहावं.

नवरात्र संपता संपता उत्तरा म्हणाली, "यंदा आपल्याकडे चकल्या नकोत."

"का?"

"माझा हात चालत नाही. मी कोणाकडे जाऊन काही करू शकत नाही. मग माझ्याकडे कोणी का यावं?"

"अगं, त्या येतील की. तुला नाही कोण म्हणणार आहे?"

"तेच तर. नाही कोणी म्हणणार नाही. मी पाटावर बसून राहीन आणि त्या माझ्या चकल्या करून देतील, आजारी माणसाला पेज आणून देतात तशा. फुकटचे हात मी घेत नाही."

"बरं मग, विकत आणू," मी म्हणालो.

यावर तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्या नजरेचा आणि चकल्यांचा काही संबंध नव्हता. मला ते उशिरा उमगलं. तिला चकल्यांचं दुःख नव्हतं, दुपारचं होतं. सगळ्या मजल्यांवरून हसण्याचे आवाज येणार आणि ही घरात बसून रेडिओ ऐकणार.

त्याच आठवड्यात मी शहाडला चांगदेवकडे गेलो होतो. चांगदेव हा माझ्या कचेरीतल्या मित्राचा मुलगा, तिथल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये आहे. चाळिशीला आलेला, फार कमी बोलणारा. त्याच्या टेबलावर एक काळी डबी होती, डबीतून एक दांडी बाहेर आलेली. चांगदेवने एक बटण फिरवलं की दांडी वळायची आणि थांबायची. मी ती बोटाने ढकलली. ती ढकलली जाईना. जोर लावून ढकलली तर गुरगुरली आणि हात सोडताच परत जागेवर गेली.

"ही काय भानगड आहे?"

"सर्वो मोटर. साधी मोटर नुसती फिरते, काका. ही सांगाल तिथे जाऊन उभी राहते."

"आणि तिला कसं कळतं ती कुठे आहे?"

चांगदेवने डबीची चार मळसूत्रं काढून ती उघडलीच. आत एवढीशी मोटर, दातेरी चाकांची उतरंड, आणि तळाला रेडिओच्या आवाजाच्या बटणासारखा एक फिरता रोध. तो रोध सतत सांगत असतो, आपण आत्ता इथे आहोत. बाहेरून हुकूम येतो, तू तिथे असायला हवंस. या दोहोंतलं अंतर संपेपर्यंत ती धडपडते आणि अंतर संपलं की गप्प बसते. मी थक्क झालो. नोकरीत छत्तीस वर्षं काढून मला आपण कुठे आहोत आणि कुठे असायला हवं होतं यातलं अंतर कळलं नव्हतं. मी तसं बोलून दाखवलं. चांगदेव म्हणाला, "तुमचं रेंजच्या बाहेर जाईल."

हुकूम देण्याची पद्धत त्याहून मजेची. मोटरला तीन वायरी. लाल आणि काळी विजेसाठी, आणि पिवळी हुकमासाठी. पिवळीतून सेकंदाला पन्नास वेळा एक छोटा ठोका पाठवायचा. ठोका किती लांब आहे त्यावरून तिला कळतं किती वळायचं: लांबी एका सेकंदाचा हजारावा भाग असेल तर एका टोकाला, दोन हजारांश असेल तर दुसऱ्या टोकाला, दीड असेल तर मधोमध. आणि एकदा सांगून भागत नाही. सांगत राहावं लागतं. ही कार्यपद्धती मला अपरिचित नव्हती. आमच्या घरी ती लग्नापासून चालू आहे, फक्त पिवळ्या वायरीच्या दुसऱ्या टोकाला मी असतो.

हे ठोके मोजून पाठवणारा तो मायक्रोकंट्रोलर. बोटाएवढी चिप, तिच्याशेजारी तिचा हुकूमनामा साठवणारी दुसरी चिप, आणि दोघींना धरून ठेवणारी हिरवी पाटी. परतीच्या वाटेवर शहाडच्या पुलावर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोऱ्याच्या दांड्याला ही मोटर. उत्तराने फक्त बटण दाबायचं. मोटर, पाटी आणि सोऱ्या पिशवीत घालून ती घरोघर जाईल आणि साऱ्या सोसायटीचे घाणे एकटी काढून देईल. फेडायचं राहणार नाही, उलट बाकीच्याच तिच्या देणेकरी होतील.

मी घरी येऊन हे सांगितलं. उत्तराने रेडिओ बंद केला. मग म्हणाली, "चाललं तर मी जाईन सगळ्यांकडे. नाही चाललं तर मला परत कोणी चकल्यांचं विचारायचं नाही. तुम्हीसुद्धा."

हे मला त्या वेळी उत्तेजन वाटलं.

मोटर मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळाली. दुकानदाराने काय फिरवायचंय असं विचारलं. 'चकली' म्हणणं मला शास्त्राला शोभेसं वाटेना, म्हणून मी 'एक प्रकारचा प्रेस' म्हणालो. त्याने फळीवरून वीटभर आकाराची डबी काढली. मोठ्या खेळण्यातल्या बोटीचं सुकाणू फिरवायची जपानी मोटर. "हाय टॉर्क," तो म्हणाला, आणि ते इतक्या आदराने म्हणाला की मी ती दोन्ही हातांनी घेतली. टॉर्क म्हणजे पिळण्याची ताकद, हे मला चांगदेवने नंतर सांगितलं.

घरी येऊन चांगदेवने हुकूमनाम्यासकट दिलेल्या पाटीला जोडून मोटर चालवली. ती उजवीकडे वळली आणि थांबली. डावीकडे वळली आणि थांबली. पुन्हा उजवीकडे. अर्ध्या वळशापलीकडे ती जाईना.

"ही अर्धाच वळसा घेते," मी चांगदेवला म्हणालो.

"सर्वो तेवढाच घेते."

"तू बोलला नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

सुकाणूला अर्ध्या वळशाहून जास्त लागत नाही, कारण समुद्रात कोणी चकलीसारखं जात नाही. आतला अडसर कापून टाकला तर ती गरागरा फिरेल, चांगदेव म्हणाला, पण मग तिला आपण कुठे आहोत हे कळणार नाही. ते मला मान्य नव्हतं. असल्या मोटरी घरोघरी मिक्सरमध्ये आहेत. शेवटी तोडगा निघाला तो रॅचेटचा. गॅरेजमध्ये नट आवळायचा पाना असतो ना, जो पुढे ओढला की नट फिरतो आणि मागे घेतला की नुसता कटकट करतो, तो मध्ये बसवायचा. मोटर अर्धा वळसा पुढे, दांडा फिरला. अर्धा वळसा मागे, दांडा जागेवर. पुन्हा पुढे.

पाना तळमजल्यावरच्या काळुरामकडे होता. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती पूर्वी काळुरामच्या वडिलांची भातशेती. त्यामुळे आमच्या सोसायटीत तो सभासद असला तरी त्याची चाल मालकाची आहे, आणि ते कोणाला खटकत नाही. त्याचा टेम्पो आहे, हत्यारांची पेटी आहे आणि भरपूर कुतूहल आहे.

"सायेब, पाना कनाला?"

मी सांगितलं. त्याने पाना दिला आणि त्याच्याबरोबर स्वतःही वर आला. त्या दिवसापासून तो रोज येऊ लागला.

हे सगळं उभं धरायला एक सांगाडा लागत होता. तो दिवा स्टेशनजवळच्या एका फॅब्रिकेटरने करून दिला. त्याचा धंदा खिडक्यांच्या ग्रिलचा. मी चित्र काढून दिलं होतं: चार उभे अँगल, मध्ये सोऱ्या अडकवायचं कडं, वर मोटरची बैठक, आणि खाली हे सगळं पाटाला आवळणारे चार क्लॅम्प. त्याने चित्राबरहुकूम केलं आणि सवयीने पुढच्या बाजूला लोखंडी कमळही काढून दिलं. ते कापायला सांगितलं तर त्याला वाईट वाटलं असतं. कमळासकट तो सांगाडा जिन्यातून वर चढवताना काळुराम म्हणाला, "सायेब, बोरिंगच मारताव का चकलीची?"

झालं. संध्याकाळपर्यंत माझ्या यंत्राचं नाव सोसायटीभर 'चकलीची बोरिंग' पडलं. पाणी लागलं का, असं लोक मला जिन्यात विचारू लागले. विचारणाऱ्यांत असेही होते ज्यांनी हयातीत फ्यूज बदललेला नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या मंजुळाबाई या सोसायटीच्या चिटणीस. त्यांनी मला नोटीस दिली. निवासी सदनिकेत यंत्रोद्योग उभारल्याबद्दल. नोटीस देऊन त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "हे चिटणीस म्हणून. आता शेजारीण म्हणून विचारते, भाऊजी, ते फिरतं कसं ते दाखवा ना."

मी दाखवलं. रिकामा सोऱ्या लावून यंत्र कट-कट-कट असं चाललं, दांडा इमानाने खाली उतरला. मंजुळाबाईंनी डोळ्यांवर चष्मा चढवून पाहिलं.

"यात हात जाणार नाही ना कोणाचा? समितीत विचारतील."

"समितीत तुम्हीच आहात, काळुराम आहे आणि मी आहे."

"म्हणूनच. मी विचारणार आहे."

सभा भरली. ठराव असा झाला की सदर यंत्र हे यंत्र नसून स्वयंपाकाचं भांडं समजण्यात यावं, मात्र त्याच्यामुळे जिन्यातला दिवा मिणमिणल्यास ते पुन्हा यंत्र समजण्यात येईल. मला हा ठराव अपमानास्पद वाटला. काळुरामने त्याला अनुमोदन दिलं.

दिवा मिणमिणला नाही, पण दुसरंच झालं. मोटर आणि चिप मी एकाच वीजपुरवठ्यावर जोडली होती. मोटरने जोर लावला की सगळी वीज ती ओढून घ्यायची, आणि चिपला भोवळ यायची. भोवळ उतरली की चिप हुकूमनामा पहिल्यापासून वाचायला घ्यायची. म्हणजे यंत्र सुरू होई, अर्धा वळसा घेई, सगळं विसरे, आणि पुन्हा 'श्रीगणेशाय नमः' करी. चांगदेवने मोटरला वेगळी वीज द्यायला सांगितली. काळुरामने स्कूटरची बॅटरी आणून दिली. आता दोघींची चूल वेगळी, भांडण मिटलं असं मला वाटलं. तर मोटर वेड्यासारखी थरथरायला लागली. मनात येईल तेव्हा डावीकडे, मनात येईल तेव्हा उजवीकडे. शेजारी फ्रिज सुरू झाला की दचकायची.

चांगदेवने येऊन पाहिलं आणि एक वायर मागितली. बॅटरीचं काळं टोक आणि चिपच्या पुरवठ्याचं काळं टोक त्याने त्या वायरीने जोडून टाकलं. थरथर गेली.

"एवढंच?"

"दोघांचा शून्य एक पाहिजे, काका. पिवळ्या वायरीतून चिप म्हणते पाच व्होल्ट. पण कुठून पाच? तिचा शून्य वेगळा असेल तर तिला भलतंच ऐकू येतं."

मी बराच वेळ त्या वायरीकडे पाहत बसलो. मग आत जाऊन उत्तराला हे सगळं समजावून सांगितलं. ती म्हणाली, "आपल्याकडे ही वायर कुठे जोडतात?" आणि डाळ निवडायला बसली.

डाळ निवडण्यावरून आठवलं. हुकूमनाम्यात एक आकडा चुकला होता. तो बदलायचा तर हुकूमनाम्याच्या चिपच्या पाठीवरच्या काचेच्या खिडकीतून आत विशिष्ट दिव्याचा प्रकाश सोडून आधीचं सगळं पुसावं लागे. चांगदेवच्या कारखान्यातला दिवा बंद पडला होता. उन्हातही पुसलं जातं, तो म्हणाला, फक्त आठवडाभर लागतो. म्हणून मी चिप गच्चीवर ऊन खायला ठेवली. शेजारी उत्तराचे भाजणीचे तांदूळ आणि डाळी धुऊन फडक्यावर सुकत होत्या.

"ही उन्हान का ठेवलेव?" काळुरामने विचारलं.

"आत ऊन गेलं की ती सगळं विसरते."

"मंग पेन्शनवाल्यागत हाय," काळुराम म्हणाला, आणि मी पेन्शनवाला आहे हे लक्षात आल्यावरही त्याने शब्द मागे घेतला नाही.

पुढच्या आठवड्यात चिप जागेवर नव्हती. मी गच्ची झाडून काढली, पाण्याच्या टाकीमागे पाहिलं, कावळ्यांवर संशय घेतला. संध्याकाळी उत्तराने निवडायच्या ताटातून ती उचलून माझ्यापुढे धरली. "उडदाच्या डाळीत खडा होता. याला पाय आहेत." गिरणीत गेली असती तर साऱ्या सोसायटीने ती चकलीतून खाल्ली असती आणि कोणाला काही कळलंही नसतं.

असो. अखेर रविवार आला.

जमलेल्यांत मंजुळाबाई होत्या, चौथ्या मजल्यावरच्या रमाबाई होत्या, काळुराम आणि त्याची बायको बायजा, आणि शहाडहून मुद्दाम आलेला चांगदेव. उत्तराने भाजणी भिजवून ठेवली होती, एका हाताने. नेसली होती ती सणाची साडी. तिने ती का नेसली आहे हे माझ्या लक्षात आलं आणि मी सांगाड्याचे चारही क्लॅम्प पुन्हा एकदा आवळले.

सोऱ्यात गोळा भरला. सांगाडा पाटाला आवळलेला, पाट फरशीवर, पाटावर कागद. मी बटण दाबलं.

मोटरने दांड्याला पीळ दिला. गोळ्याने नकार दिला. कोणीतरी फिरायला तर हवंच होतं, म्हणून पाट फिरला. सांगाडा, कमळ, सोऱ्या आणि बॅटरीची वायर यांच्यासकट अख्खा पाट अर्धा वळसा गर्रकन फिरला आणि त्याच्या कोपऱ्याने तेलाची किटली पाडली.

"टॉर्क," चांगदेव म्हणाला.

"पाट धरायला हवा," मी म्हणालो.

काळुराम पाटाच्या एका टोकावर बसला. पुन्हा बटण दाबलं. पाट काळुरामला घेऊन फिरू लागला. मग दुसऱ्या टोकावर बायजा बसली. "कवरा जोर हाय यो," असं ती कौतुकाने म्हणाली. तिसरा कोपरा मी पायाने दाबला आणि चौथा चांगदेवने हाताने. एका बाईचा खांदा वाचवण्यासाठी आता चार माणसं लागत होती. पण पाट हलला नाही आणि दांडा मात्र हलला. कट-कट. चांदणीतून काटेरी तार डोकावली. रमाबाईंनी नकळत हात जोडले.

तार खाली आली. सरळ खाली आली. कागदावर टेकली, स्वतःवर बसली, पुन्हा स्वतःवर बसली. पाहता पाहता तिथे एक ढिगारा झाला.

मी ढिगाऱ्याकडे पाहिलं आणि मग मला कळलं. बायका सोऱ्या फिरवताना तो हातात धरून गोल गोल नेतातही. मी फिरवायचं पाहिलं होतं, न्यायचं पाहिलं नव्हतं. आणि सोऱ्या तर मी चार अँगलांत जखडून ठेवला होता.

"शेव छान आली आहे," मंजुळाबाई म्हणाल्या.

"तुझ्या लक्षात आलं नव्हतं?" मी उत्तराला हळूच विचारलं.

"आलं होतं. मला वाटलं, तुमच्या त्या चिपमध्ये तेही असेल."

मी चांगदेवकडे पाहिलं. "कागद फिरवायला दुसरी सर्वो लागेल," तो म्हणाला. "आणि सरकवायला तिसरी."

"सरका जरा," उत्तरा म्हणाली. ती पाटासमोर बसली, नवा कागद सोऱ्याखाली घातला आणि कागदाच्या कडेवर डाव्या हाताची चार बोटं ठेवली. "लावा."

मी बटण दाबलं. तार उतरली तशी ती कागद गोल फिरवत गेली, बाहेर बाहेर सरकवत. खांदा हललाच नाही, नुसतं मनगट. मोटर मागे जाताना तार थांबायची, तेव्हा तिची बोटंही थांबायची. तीन वळसे झाले, शेवट तिने चिमटीने आत दाबला आणि कागद बाहेर ओढला. त्यावर चकली होती. गोल, घट्ट बसलेली, कोणत्याही दुकानाला लाजवणारी. दुसरी झाली. तिसरी चाललेली असताना मोटरचा आवाज बदलला. आधी गुरगुर, मग बारीक शिटी, मग स्वयंपाकघरात खमंग नसलेला एक वास. डबीच्या फटीतून धूर निघाला. चांगदेवने वाकून बॅटरीची वायर काढली.

"गेली."

"पुन्हा होईल?"

"नाही."

उत्तराने कागदावरून हात काढला आणि पदराला पुसला. तिसरी चकली अर्धीच होती. "राहू दे," ती म्हणाली. "बघायला आलात, बरं वाटलं. मी चहा टाकते. तुमचीही घरची कामं असतील." ती हे अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि उठायला लागली. मी मोटरकडे पाहत होतो. मला दुसरीकडे बघवत नव्हतं.

मंजुळाबाई पुढे झाल्या. त्यांनी पाना काढून बाजूला टाकला, दांड्याची मूळची पितळी मूठ त्याला परत लावली आणि दोन्ही हातांनी धरली.

"बस गं खाली. कागद कोण फिरवणार?"

"मंजुळाबाई, तुम्ही माझ्यासाठी..."

"तुझ्यासाठी कुठे? माझ्या चकल्यांची टोकं तेलात सुटतात हे साऱ्या जगाला माहीत आहे. सोऱ्या पिळू की गोल नेऊ, दोन्ही एकदम मला जन्मात जमलं नाही. इथे सोऱ्या एका जागी बसलाय. मी पिळते, तू ने. आणि उद्या माझ्याकडे यायचं ते हीच बोटं घेऊन. नाही आलीस तर नोटीस काढीन."

उत्तराने पदर खोचला. मग बसली. अर्धी चकली पुरी केली.

त्यानंतर त्या स्वयंपाकघरात पुरुषांना काही काम उरलं नाही. मंजुळाबाई दमल्या की बायजा पिळायची. बायजाचा हात लागला की तार अशी सुटायची की उत्तरा "हळू गं, मी काय पंखा आहे का" म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. पाट आता हलत नव्हता. हातांना किती पीळ द्यायचा ते कळत होतं. रमाबाई कढईपाशी बसल्या. परवा बायजाकडे आणि तेरवा रमाबाईंकडे असं आपोआप ठरत गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी 'कागदाला उत्तरा' हे कोणी न विचारता धरलं गेलं. मी, काळुराम आणि चांगदेव बाहेरच्या खोलीत बसलो. बाहेर येण्याआधी चांगदेवने सांगाड्यावरच मोटरचं झाकण काढून मला जळलेली गुंडाळी दाखवली होती. आतला फिरता रोध शाबूत होता. आपण नक्की कुठे आहोत हे तिला शेवटपर्यंत ठाऊक होतं, तो म्हणाला. मला त्यात थोडं समाधान वाटलं.

मी मनात पुढची आखणी सुरू केली. मोठी मोटर, पितळी दातेरी चाकं, चिपला प्रवाह मोजायची सोय, तीन सर्वो, कागद आपोआप पुढे सरकवणारा पट्टा. पेटंटसाठी अर्ज कुठे करतात हे चांगदेवला विचारणार, एवढ्यात मंजुळाबाई पदराने कपाळ पुसत बाहेर आल्या. बशीत चार चकल्या होत्या. बशी त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि माझ्याकडे जरा आदरानेच पाहिलं, असं मला वाटलं.

"भाऊजी, तुमचं यंत्र उद्या आमच्याकडे न्यायचं म्हणते. फार सोयीचं आहे."

"अवश्य न्या," मी सावरून बसत म्हणालो.

"जिन्यातून वर न्यायला जड होतं हो. तेवढी ती मोटर काढून ठेवाल का?"